128 बाइट ते 22 कोटी डॉलर

जून 2023 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल न्यायालयात मायक्रोसॉफ्टविरुद्ध सुनावणी सुरू होती. मायक्रोसॉफ्टला अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही बलाढ्य गेम कंपनी विकत घ्यायची होती आणि अमेरिकेच्या व्यापार आयोगाला ते नको होते. प्रतिस्पर्धी म्हणून सोनीलाही आपली कागदपत्रे द्यावी लागली. त्यातले धंद्याचे गुपित असलेले आकडे कुणीतरी काळ्या मार्करने खोडले. कागद स्कॅन झाले तेव्हा शाईखालची छपाई जरा डोळे बारीक केले की वाचता येत होती. एवढी मोठी तंत्रज्ञान कंपनी आणि गुपित फोडले ते स्टेशनरीच्या दुकानातल्या मार्करने! पण त्यामुळे एरवी कधीच बाहेर न येणारे दोन हिशेब जगाला कळले. ‘द लास्ट ऑफ अस भाग 2’ या 2020 च्या खेळाला सुमारे 22 कोटी डॉलर लागले होते आणि ऐन भरात त्यावर 200 माणसे काम करत होती. ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ला 21 कोटी 20 लाख डॉलर, 300 माणसे आणि 5 वर्षे.

एवढा पैसा यंत्राच्या ताकदीवर गेला, असे वरवर पाहता वाटते. ताकद वाढली, चित्र सुंदर झाले, खर्च वाढला. कन्सोलचा इतिहास जरा बारकाईने पाहिला की हे गणित इतके सरळ राहत नाही. चिप बराच काळ स्वस्तच होत गेली. महाग झाले ते चिपने मोकळ्या करून दिलेल्या जागेत काहीतरी भरण्याचे काम, आणि ते काम माणसेच करतात.

सुरुवातीला भरायला जागाच नव्हती. 1977 साली अमेरिकेत आलेल्या अटारीच्या घरगुती यंत्रात, ज्याला पुढे अटारी 2600 म्हणू लागले, एकूण कामचलाऊ मेमरी 128 बाइट होती. देवनागरीतले एक चिन्ह आज संगणकात साठवायला सहसा 3 बाइट लागतात. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले तर त्या यंत्राच्या संपूर्ण मेमरीत जेमतेम 42 चिन्हे मावतील, म्हणजे मराठीतले एक मध्यम वाक्यही नाही. पडद्यावरचे आख्खे चित्र साठवून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. टीव्हीच्या नळीतला किरण पडद्यावर एकेक ओळ काढत खाली सरकतो; प्रत्येक ओळीसाठी प्रोसेसरला 76 चक्रे मिळत आणि तेवढ्यात त्या ओळीवर काय दिसायचे ते प्रोग्रॅमरने ठरवून द्यायचे. किरण आणि प्रोग्रॅम यांची ही शर्यत सेकंदाला 60 वेळा चालायची.

या यंत्रावर 1982 साली डेव्हिड क्रेन याने ‘पिटफॉल’ केला. जंगलातून धावणारा, दोरीला लटकून मगरींच्या डोहावरून झोके घेणारा हॅरी, आणि एकामागून एक 255 वेगवेगळे पडदे. सगळा खेळ 4 किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये. एवढ्या जागेत 255 चित्रे ठेवणे अशक्य होते, म्हणून क्रेनने ती ठेवलीच नाहीत. एका आकड्यापासून ठरावीक रीतीने पुढचा आकडा काढणारे गणित त्याने लिहिले आणि त्या आकड्यातल्या शून्य-एकांवरून त्या पडद्यावर झाडे कुठे, खड्डा आहे की नाही, विंचू की ओंडका, हे ठरू लागले. तेच गणित उलटे चालवले की मागचा पडदा परत मिळे. जंगलाचा हा सगळा नकाशा 50 हून कमी बाइटांत बसला. हे कागदावर हाताने रेखाटलेले जंगल नव्हते. अशी जागाटंचाई नसती तर हे जंगल सुचलेही नसते.

त्या काळच्या खर्चाचा हिशेबही सोपा होता. एका माणसाचा काही महिन्यांचा पगार. प्रोग्रॅमर तोच, चित्रकार तोच, आवाज करणाराही तोच. एवढे सगळे एकट्याने करूनही अटारीच्या खेळावर त्याचे नाव नसायचे. वॉरन रॉबिनेटने ‘अ‍ॅडव्हेंचर’मध्ये एका गुप्त खोलीत स्वतःचे नाव लपवून ठेवले ते याच रागातून. क्रेनसह चौघे प्रोग्रॅमर 1979 मध्ये अटारी सोडून बाहेर पडले आणि त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन उभी केली. पुढे अब्जावधींच्या त्या खटल्यात जिचे नाव आले ती कंपनी अशी, श्रेय आणि मोबदला या दोन जुन्या तक्रारींतून जन्मलेली.

आर्केडमधली यंत्रे यापेक्षा ताकदवान असली तरी त्यांचाही जीव लवकर दमायचा. 1978 साली तैतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इनव्हेडर्स’ केला तेव्हा पडद्यावर परग्रहवासीयांची फौज एकदम हलवणे प्रोसेसरला झेपत नव्हते. खेळणारा एकेक शत्रू टिपू लागला की काढायची चित्रे कमी होत आणि उरलेले शत्रू आपोआप वेगाने सरकू लागत. निशिकादोंनी हा दोष सुधारला नाही. शेवटचा शत्रू वेड्यासारखा धावतो तेव्हा खेळणाऱ्याच्या छातीत जी धडधड होते, ती त्या चिपच्या अशक्तपणाची देणगी आहे.

मारिओचा चेहराही असाच घडला. औद्योगिक आरेखन शिकलेल्या, निन्टेन्डो या जपानी कंपनीतल्या शिगेरु मियामोतो यांना 1981 च्या ‘डाँकी काँग’साठी अगदी मोजक्या ठिपक्यांत माणूस बसवायचा होता. तोंड काढायला ठिपके पुरेनात, म्हणून ठसठशीत नाकाखाली मिशी आली. केस उडताना दाखवणे झेपेना, म्हणून टोपी. हात हलताना धडापासून वेगळे दिसावेत म्हणून दोन रंगांचा पोशाख. निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावरचा 1985 चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या 40 किलोबाइटांचा. त्यातले आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. गेली चाळीस वर्षे लोक ते पाहत आले आहेत आणि सांगितल्याशिवाय बहुतेकांच्या ते लक्षात येत नाही.

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत अस्सल निन्टेन्डो क्वचितच आला. नव्वदच्या दशकात आल्या त्या त्याच्या स्वस्त नकला, आणि त्यांच्यासोबत आल्या ‘9999999 इन 1’ असे छापलेल्या पिवळ्या ‘कॅसेटी’. त्यात खरे खेळ मोजकेच, बाकी तेच खेळ दुसऱ्या पातळीपासून सुरू केलेले. पुण्या-नाशिकच्या मुलांनी मारिओ आणि ‘काँट्रा’ पाहिले ते असे, जपानमध्ये यंत्र निघाल्यावर दहाएक वर्षांनी. तोपर्यंत त्या यंत्राची चिप इतकी स्वस्त झाली होती की ती कुणीही बनवू शकत होते.

ही स्वस्ताई निन्टेन्डोच्याच एका माणसाने मुद्दाम वापरली. गुन्पेई योकोई यांचे सूत्र असे की नवे, महागडे तंत्रज्ञान घेऊन साधा खेळ करण्यापेक्षा सगळ्या खाचाखोचा कळलेले, स्वस्त झालेले तंत्रज्ञान घ्यावे आणि ते नव्या कामाला लावावे. हातात धरून खेळायचा 1989 चा गेम बॉय त्यातूनच निघाला. पडदा हिरवट, चार छटांचा, मागे दिवा नाही. त्याच वर्षी अटारीने रंगीत लिंक्स आणला आणि पुढच्या वर्षी सेगाने रंगीत गेम गिअर. दोन्ही दिसायला देखणे, पण गेम गिअरला सहा पेन्सिल सेल लागत आणि ते काही तासांत संपत. गेम बॉय चार सेलवर कितीतरी जास्त वेळ चाले. तो आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून 11 कोटी 86 लाखांहून जास्त यंत्रे खपली. ताकदीच्या स्पर्धेत न उतरण्याचाही एक धंदा असतो, हे निन्टेन्डोला तिथे कळले. मधल्या काळात कंपनी ते विसरली आणि त्याची किंमतही तिने मोजली.

1994 च्या डिसेंबरमध्ये सोनीचा प्लेस्टेशन जपानमध्ये आला आणि त्याने जागेचा प्रश्न एका झटक्यात सोडवला. कार्ट्रिजमध्ये प्रत्येक मेगाबाइटचे पैसे मोजावे लागत. शिवाय प्रकाशकाला ती आधीच मागवून ठेवावी लागत, खेळ पडला की गोदामात ढीग. सीडीवर सुमारे 650 मेगाबाइट मावत आणि ती छापायला किरकोळ खर्च येई. निन्टेन्डोने मात्र आपल्या पुढच्या यंत्रातही कार्ट्रिजच ठेवले. तेव्हा वर्षानुवर्षे निन्टेन्डोसाठी ‘फायनल फँटसी’ करणारी स्क्वेअर कंपनी उठून सोनीकडे गेली.

1997 चा ‘फायनल फँटसी 7’ तीन सीडींवर आला. सिलिकॉन ग्राफिक्सच्या महागड्या वर्कस्टेशनवर आधीच रंगवून ठेवलेली पार्श्वभूमी, मध्ये मध्ये चित्रपटासारखी दृश्ये, शंभराहून जास्त माणसे आणि 4 कोटी डॉलरांच्या वर गेलेला खर्च. सीडी स्वस्त होती हे खरे, पण ती भरायची कुणी? 4 किलोबाइटचे कार्ट्रिज एक माणूस भरू शकत होता. तीन सीडी भरायला कारखाना लागला. स्क्वेअरचे हिरोनोबु साकागुची त्याच वाटेने आणखी पुढे गेले आणि 2001 मध्ये त्यांनी पूर्ण लांबीचा संगणकीय चित्रपट काढला. 13 कोटी 70 लाख डॉलर खर्चलेला तो चित्रपट आपटला. दोन वर्षांत स्क्वेअर आपल्या जुन्या प्रतिस्पर्धी एनिक्समध्ये विलीन झाली.

जागा मिळाली, पण वेग मिळाला नव्हता, आणि त्या तफावतीत त्या दशकातल्या काही उत्तम कल्पना उगवल्या. 1996 च्या ‘रेझिडेंट एव्हिल’मध्ये एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना काळ्या पडद्यावर दार हळूहळू उघडते. ती खरे तर सीडीवरून पुढची खोली वाचायला लागणारी वेळ झाकण्याची युक्ती होती, पण खेळणाऱ्याला वाटते की आत काय असेल. नॉटी डॉगच्या ‘क्रॅश बँडिकूट’च्या नायकाच्या अंगावर जवळजवळ कुठलेही टेक्श्चर नाही, नुसते सपाट रंग, कारण त्या यंत्राला ते लवकर काढता येत. त्यामुळे तो व्यंगचित्रासारखा लख्ख दिसतो, तर त्या काळातले ‘खरे वाटावेत’ म्हणून केलेले बहुतेक चेहरे आज पाहवत नाहीत.

कोनामीचा 1999 चा ‘सायलेंट हिल’ याचे सगळ्यात बोलके उदाहरण. आख्खे गाव त्रिमितीत दाखवायचे होते आणि प्लेस्टेशनला चार घरांपलीकडचे काढता येत नव्हते. त्यांनी गावावर धुके सोडले. धुक्यापलीकडे काही काढायचेच नाही! त्या धुक्यातून येणाऱ्या आवाजांवर मालिकेची भीती उभी राहिली. 2012 मध्ये पुढच्या भागांची सुधारित आवृत्ती ताकदवान यंत्रावर आली. धुके विरळ झाले आणि पूर्वी झाकलेल्या जगाच्या उघड्या कडा दिसू लागल्या. जुने खेळाडू भडकले.

अशा गोष्टी सांगताना टंचाईचे गोडवे गाण्याचा मोह होतो, आणि तो आवरायला हवा. कारण यंत्र अपुरे म्हणून मेलेल्या कल्पनांची यादी कुणी ठेवत नाही. फुमितो उएदा या दिग्दर्शकाची कहाणी इथे उपयोगी पडते. त्याची तीन कामे तीन यंत्रांवर झाली आणि प्रत्येक वेळी यंत्राने त्याला वेगळ्या रीतीने अडवले.

ओसाकाच्या कलाविद्यालयात शिकलेल्या उएदाने 1997 मध्ये ‘इको’ सुरू केला तो पहिल्या प्लेस्टेशनसाठी. शिंगे असलेला मुलगा एका मुलीचा हात धरून पडक्या किल्ल्यातून वाट काढतो, एवढीच गोष्ट. भाषा वेगळी असल्यामुळे दोघांना एकमेकांचे बोलणे कळत नाही. सगळे हालचालीतून सांगायचे. पहिल्या प्लेस्टेशनला तो किल्ला आणि त्या हालचाली पेलल्या नाहीत. काम अडले. मग ते सोनीच्या पुढच्या यंत्रावर, प्लेस्टेशन 2 वर, नेले आणि 2001 मध्ये खेळ बाहेर आला. म्हणजे इथे ताकदीनेच कला वाचवली. पण नवे यंत्र मिळाल्यावर उएदाने त्यात गोष्टी भरल्या नाहीत, काढल्या. पडद्यावर आकडे नाहीत, ऊर्जेची पट्टी नाही, शत्रू एकाच जातीचे, पात्रे मोजकी. मिळालेली सगळी ताकद प्रकाशाला, किल्ल्याच्या भव्यतेला आणि एका हाताने दुसरा हात ओढण्याच्या हालचालीला दिली.

2005 च्या ‘शॅडो ऑफ द कोलोसस’मध्ये त्याने हेच आणखी ताणले. डोंगराएवढे राक्षस, अंगावर केस, त्या केसांना धरून वर चढणारा नायक, आणि राक्षस चालत असताना त्याचे अंगच जमिनीसारखे हलते. 32 मेगाबाइट मेमरीत! सुरुवातीला 48 राक्षस ठरले होते. ते 24 झाले आणि शेवटी 16 उरले. मधले किरकोळ शत्रू नाहीत, गावे नाहीत, नुसते उजाड माळ. एवढी कात्री लावूनही यंत्राला धाप लागायची आणि मोठ्या लढायांत चित्रांचा वेग सेकंदाला 20 च्या खाली जायचा. ज्यांनी तेव्हा तो खेळला त्यांना ते अडखळणे आठवते, आणि त्या राक्षसांचे वजन जाणवायला त्यानेही हातभार लावला असे म्हणणारे आहेत. हे थोडे भाविकपणाचे वाटते. 2018 मध्ये ब्लूपॉइंट या स्टुडिओने हाच खेळ प्लेस्टेशन 4 वर नव्याने बांधला, तो सुरळीत चालतो आणि राक्षस तितकेच जड वाटतात.

कॅपकॉम कंपनीच्या ‘ओकामी’ची गोष्टही प्लेस्टेशन 2 वरचीच. पृथ्वीवर पुन्हा हिरवाई आणणारा पांढरा लांडगा आधी खऱ्यासारखा करायचा बेत होता. प्लेस्टेशन 2 ला ते झेपेना, तेव्हा दिग्दर्शक हिदेकी कामिया यांच्या चमूने जपानी शाईचित्रांची शैली घेतली. खेळणाऱ्याने ब्रश फिरवायचा आणि सृष्टी बदलायची, हा खेळाचा गाभाच त्या माघारीतून निघाला. 2006 मध्ये समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला हा खेळ फारसा खपला नाही आणि तो करणारा क्लोव्हर स्टुडिओ पुढच्या वर्षी बंद झाला.

मग 2006 चा नोव्हेंबर आला आणि त्यासोबत प्लेस्टेशन 3. सोनीचे केन कुतारागी यांनी आयबीएम आणि तोशिबा यांच्यासोबत अनेक वर्षे घालवून ‘सेल’ नावाची चिप केली होती. कागदावर ती अफाट होती. इतकी की 2010 मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाने 1,760 प्लेस्टेशन 3 एकमेकांना जोडून महासंगणक उभारला. खेळ करणाऱ्यांच्या मात्र नाकी नऊ आले. एक मुख्य प्रोसेसर आणि त्याच्याभोवती छोटे छोटे मदतनीस, प्रत्येकाची स्वतःची चिमुकली मेमरी, आणि प्रत्येकाला काम वेगळे तोडून द्यायचे. 599 डॉलरपर्यंत किंमत ठेवूनही सोनीला प्रत्येक यंत्रामागे तोटा होत होता. त्या आर्थिक वर्षात सोनीच्या गेम विभागाचा तोटा 232 अब्ज येनवर गेला. 2007 मध्ये कुतारागी पायउतार झाले.

या काळाचे सर्वांत नेमके मोजमाप मार्क सर्नी यांनी पुढे एका भाषणात दिले. सर्नी सतराव्या वर्षी अटारीत लागले, तिथे ‘मार्बल मॅडनेस’ केला आणि तीस वर्षांनी प्लेस्टेशन 4 चा आराखडा त्यांनी आखला. नवे यंत्र हातात आल्यापासून त्यावर साधे इंजिन उभे करून पडद्यावर काही हलते दिसेपर्यंत किती वेळ लागतो, असा त्यांचा प्रश्न. पहिल्या प्लेस्टेशनवर एक ते दोन महिने. दुसऱ्यावर तीन ते सहा. तिसऱ्यावर सहा ते बारा. म्हणजे खेळाची एक रेघही काढण्याआधी वर्षभराचे पगार! चौथ्या प्लेस्टेशनमध्ये त्यांनी मुद्दाम साध्या संगणकासारखी एएमडीची चिप घेतली आणि तो काळ पुन्हा एक-दोन महिन्यांवर आणला.

खर्च तरीही खाली आला नाही. कारण चिपशी झुंजण्याचा खर्च हा एकूण खर्चाचा लहान भाग होता. खरा पैसा जात होता तो हाय डेफिनिशन टीव्हीत. पूर्वी कोपऱ्यातला लाकडी खोका म्हणजे सहा बाजू आणि त्यावर चिकटवलेले एक धुरकट चित्र. कलाकार ते जेवणाच्या सुट्टीआधी संपवी. आता जवळ जाऊन पाहिले की लाकडाची शिरे दिसायला हवीत, खिळ्यांचा गंज दिसायला हवा, दिव्याचा उजेड ओल्या आणि कोरड्या भागावर वेगळा पडायला हवा. त्यासाठी एकाने शिल्प करायचे, दुसऱ्याने ते यंत्राला पेलेल इतके हलके करायचे, तिसऱ्याने टेक्श्चर रंगवायचे, आणि खोका फुटणार असेल तर फुटलेल्या फळ्यांचे काम वेगळे. मग माणसाच्या चेहऱ्याचे काय होत असेल याची कल्पना करावी. सोनीच्या अमेरिकी विभागाचे प्रमुख राहिलेले शॉन लेडन यांनी 2020 मध्ये जाहीरपणे सांगितले की प्रत्येक पिढीला खर्च दुप्पट होत आला आहे. प्लेस्टेशन 4 च्या काळात मोठ्या खेळाला जाहिरात सोडून 8 ते 15 कोटी डॉलर लागत होते.

निन्टेन्डोने 2006 मध्ये या शर्यतीतून अंग काढून घेतले होते. त्यांचा वी 249 डॉलरचा होता, हाय डेफिनिशन नव्हता, त्याची चिप मागच्याच यंत्राची सुधारलेली बहीण होती आणि हातात हलवायचा रिमोट हीच त्याची नवलाई. 10 कोटींहून जास्त खपला. पण 2012 च्या वी यूमध्ये हाय डेफिनिशन आले आणि मियामोतोंना पुढच्या वर्षी भागधारकांसमोर मान्य करावे लागले की आता पूर्वीच्या सुमारे दुप्पट माणसे लागतात आणि हा बदल कंपनीने कमी लेखला. इतरांनी जो धक्का सहा वर्षे आधी पचवला होता तो त्यांना उशिरा बसला, इतकेच.

उएदाचा तिसरा खेळ प्लेस्टेशन 3 च्या काळात अडकला. ‘द लास्ट गार्डियन’चे काम 2007 मध्ये सुरू झाले. पंख असलेला, कुत्र्या-मांजरासारखा वागणारा प्रचंड प्राणी त्रिको आणि एक मुलगा. अंगावर हजारो पिसे, आणि तो हुकमासरशी ऐकत नाही, मनात येईल तेव्हा ऐकतो. 2009 मध्ये झलक दाखवली. पुढे सोनीच्या शुहेई योशिदांनी सांगितले की प्लेस्टेशन 3 वर तो इतका हळू चालत होता की झलकेचा वेग वाढवून दाखवावा लागला. 2011 मध्ये उएदाने सोनीची नोकरी सोडली आणि करारावर काम चालू ठेवले. 2012 मध्ये सगळे प्लेस्टेशन 4 वर हलवले गेले. खेळ बाहेर आला तो डिसेंबर 2016 मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी. एका माणसाची कल्पना यंत्राच्या एक पिढी पुढे धावत होती आणि तेवढा काळ पगार चालू ठेवण्याची सोनीची ऐपत होती. लहान कंपनी तिसऱ्या वर्षी बुडाली असती.

‘फायनल फँटसी 7’चेही ऋण फेडायचे होते. 2005 मध्ये प्लेस्टेशन 3 ची ताकद दाखवायला स्क्वेअर एनिक्सने त्याची सुरुवातीची दृश्ये नव्याने रंगवून दाखवली आणि चाहत्यांनी सगळा खेळ मागितला. योशिनोरी कितासे, जे मूळ खेळाचे दिग्दर्शक, सांगत राहिले की त्या तपशिलात सगळा खेळ करायचा तर कित्येक पट वेळ लागेल. अखेर 2020 मध्ये पहिला भाग आला. मूळ खेळात मिडगार हे शहर पाच-सहा तासांत मागे पडते. नव्यात तेवढ्याच शहराचा एक संपूर्ण खेळ झाला. दुसरा भाग 2024 मध्ये आला. मूळ खेळ करणाऱ्यांतले बरेच जण तिशीच्या आसपासचे होते. तिसरा भाग पुरा होईपर्यंत त्यांचे केस पिकलेले असतील.

ही वाढलेली मजुरी जगभर वाटली गेली आणि त्यातली काही महाराष्ट्रात आली. युबिसॉफ्टने 2008 मध्ये पुण्यातला गेमलॉफ्टचा स्टुडिओ घेतला, पुढे मुंबईतही एक उघडला. बराच काळ इथे मोठ्या खेळांना हातभार लावण्याची कामे होत, ‘जस्ट डान्स’सारख्या मालिकेवरही काम झाले. मग सप्टेंबर 2020 मध्ये जाहीर झाले की ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबई मिळून करणार.

ही मालिका टंचाईतच जन्मली होती, आणि तीही कन्सोलवर नाही, अ‍ॅपल 2 या घरगुती संगणकावर. जॉर्डन मेक्नरने धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले आणि एकेक चौकट गिरवून राजपुत्र हलता केला. त्यातच मेमरी संपली, शत्रूला जागा उरली नाही. तेव्हा त्याने राजपुत्राचीच चित्रे एका ठिपक्याने सरकवून स्वतःवर उलटवली आणि त्यातून चमकत्या रेषांचा, भुतासारखा छायापुरुष निघाला. 1989 चा तो खेळ लोकांच्या लक्षात राहिला त्यात या बिनखर्चाच्या जुळ्याचा वाटा मोठा आहे.

2020 ची झलक पाहून प्रेक्षकांनी नेमका उलटा शेरा मारला: हे जुन्या यंत्रावरचे वाटते. चेहरे ताठ, उजेड सपाट. चार महिन्यांवर आलेली तारीख आधी मार्चवर आणि मग बेमुदत पुढे गेली. मे 2022 मध्ये काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे सोपवले गेले. पुण्या-मुंबईच्या लोकांना नावे ठेवणे तेव्हा सोपे होते, पण त्यांच्या कामाची तुलना होत होती ती शेकडो माणसे पाच-पाच वर्षे राबवून केलेल्या खेळांशी. 2003 चा मूळ ‘सँड्स ऑफ टाइम’ ज्या नजरेला सुंदर वाटला होता ती नजर मधल्या सतरा वर्षांत महाग झाली होती.

डिसेंबर 2020 मध्ये ‘सायबरपंक 2077’चेही असेच उलटे झाले. नव्या यंत्रांना शोभेल असे शहर सात वर्षांपूर्वीच्या प्लेस्टेशन 4 वर इतके कोलमडत होते की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि लोकांना पैसे परत केले. मोठ्या खेळाला एकाच पिढीचे गिऱ्हाईक पुरत नाही, म्हणून जुन्या यंत्रावरही विकायचा, आणि मग जुने यंत्रच खेळाचे नाक कापते.

ऑगस्ट 2024 मध्ये सोनीचा ‘काँकॉर्ड’ हा मोठा खेळ आला आणि दोन आठवड्यांत मागे घेतला गेला. तो करणारा स्टुडिओ ऑक्टोबरमध्ये बंद झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सोनीने प्लेस्टेशन विभागातली सुमारे 900 माणसे कमी केली होती. याच काळात एकट्यादुकट्याने केलेले ‘स्टारड्यू व्हॅली’, ‘अंडरटेल’, ‘बलात्रो’ लाखोंनी खपत राहिले. त्यातले पहिले दोन तर जुन्या निन्टेन्डोची ठिपक्यांची चित्रकला हौसेने वापरतात. आता ती सक्ती नाही, निवड आहे, आणि एका माणसाला पेलते ही तिची मुख्य खुबी.

दरम्यान, या सगळ्या व्यवसायाचा एक जुना आधार ढासळतो आहे. पूर्वी चिप जुनी होई तशी यंत्राची किंमत उतरे आणि नवे गिऱ्हाईक येई. प्लेस्टेशन 2 अमेरिकेत 299 डॉलरला आला आणि 2009 मध्ये 99 वर उतरला. आजवरचे सर्वांत जास्त खपलेले कन्सोल तो त्यामुळेही झाला. नव्या चिप आता तशा स्वस्त होत नाहीत, आणि त्यात आयातशुल्काची भर. 2020 मध्ये 499.99 डॉलरला निघालेला प्लेस्टेशन 5 ऑगस्ट 2025 मध्ये, जवळजवळ पाच वर्षे जुना झाल्यावर, अमेरिकेत 549.99 डॉलरला विकला जाऊ लागला.